लेक ब्रायटनला, आपण भुसावळात

ऑगस्ट संपत आला की आपल्या गावातल्या काही घरांमध्ये वजनकाटा बाहेर निघतो. विमान कंपनीने दिलेल्या किलोंमध्ये सगळं बसवायचं असतं. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेले बिबडे, घरचं लाल तिखट, काळा मसाला, थालीपिठाची भाजणी, शिवाय दोन जाड स्वेटर. तूप आणि पेढे मात्र बाहेर काढावे लागतात, कारण दुधाचे पदार्थ इथून ब्रिटनमध्ये नेऊ देत नाहीत. आजी म्हणते, "घरच्या तुपाला कोण अडवतंय?" तिला समजावण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते.

आपला सगळा जीव त्या बॅगेत गुंतलेला असतो. पोरगी तिथं पोचल्यावर पुढचे चार-सहा महिने तिला कसे जातील, हे बोलायचं राहूनच जातं. बँकेचे हेलपाटे, व्हिसाचे कागद, तिकीट, निरोपाला येणारे पाहुणे, या सगळ्यात निवांत बसून बोलायला फुरसत मिळते कुणाला?

माझी लेक दक्षिण इंग्लंडमध्ये, ब्रायटनला शिकते. तुमच्यापैकी कुणाचं मूल पोर्ट्समथला असेल, कुणाचं प्लिमथला, कुणाचं बोर्नमथला. समुद्राकाठची ही शहरं वेगवेगळी, पण फोनवरून आपल्या कानावर येतं ते बरंचसं सारखंच. म्हणून आज जरा मनातलं बोलावंसं वाटलं.

ब्रायटन लंडनहून रेल्वेने तासाभरावर आहे. १९६१ साली सुरू झालेलं ससेक्स विद्यापीठ शहराच्या जरा बाहेर, फाल्मरला, हिरव्या टेकड्यांच्या कुशीत आहे. दुसरं ब्रायटन विद्यापीठ. आपल्या खानदेशातल्या पोरांनी समुद्र पाहिलेला असतो तो शाळेच्या सहलीत, आणि तिथं वाळू असते. ब्रायटनच्या किनाऱ्यावर सगळे गोल, गुळगुळीत गोटे. चालताना पाय आत रुततो, आणि लाट मागे फिरली की ते गोटे एकमेकांवर घासत खडखडत जातात. सीगल पक्षी तर हातातली खाऊची पुडी उचलून नेतात.

पहिल्या आठवड्यात हे सगळं व्हिडिओ कॉलवर दिसतं. आपण शेजारच्या काकूंना हाक मारून समुद्र दाखवतो. पोरगी हसते आणि आपण निर्धास्त होतो. रमली बाई एकदाची, असं वाटतं.

पण नव्याचे नऊ दिवस सरले की खरं रमणं सुरू होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. साडेचार तासांचा फरक साडेपाच तासांचा होतो. डिसेंबरात तर आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, भांडी आवरून आपण फोन लावतो, तेव्हा तिथं दुपारचे चारच वाजलेले असतात आणि दिवस मावळलेला असतो.

पंचेचाळीस डिग्रीत वाढलेल्या आपल्या पोरांच्या थंडीची काळजी आपण फार करतो. खरं तर ब्रायटनला पारा शून्याखाली क्वचितच जातो. त्रास देतो तो समुद्रावरचा वारा आणि ओल. छत्री उलटी होते, म्हणून टोपीचा रेनकोट आणि पाणी न धरणारे बूट बरे. पण त्याहून जास्त त्रास होतो उन्हाच्या अभावाचा. सकाळी वर्गात जाताना अंधुक, दुपारी बाहेर पडताना अंधुक. मन आपोआप जड होतं. ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनीच 'ड' जीवनसत्त्वाची छोटी गोळी घ्यायचा विचार करावा, असं तिथली सरकारी आरोग्यसेवाच सांगते. भुसावळच्या माणसाला ऊन गोळीतून घ्यावं लागतं, हे आपल्याला पटायला वेळ लागतो.

आणि नेमक्या याच दिवसांत दिवाळी येते. आपण इथून फराळाचं ताट दाखवतो, आकाशकंदील दाखवतो. प्रेमानेच दाखवतो. ती तिकडे खोलीत एकटी बसून ते बघत असते, आणि दुसऱ्या दिवशी तिला पहिला मोठा निबंध द्यायचा असतो.

आपण सगळेच फोनवर काय विचारतो बघा. "जेवलीस का? झोप झाली का? थंडी फार आहे का? अभ्यास चाललाय ना? सगळं ठीक ना?" या प्रश्नांची उत्तरं आपण प्रश्नातच भरून ठेवलेली असतात. आईचा चेहरा काळजीने ओढलेला, मागे पलंगावर पप्पा पेपर धरून बसलेले, पण कान इकडेच. अशा वेळी कुठलं लेकरू म्हणेल, "नाही गं आई, काहीच ठीक नाही"?

ते "हो" म्हणतं. आपण "बरं, काळजी घे" म्हणतो. फोन ठेवल्यावर दोन्हीकडे थोडा वेळ कुणीच बोलत नाही.

माझ्या लेकीने बऱ्याच महिन्यांनी एक गोष्ट सांगितली. हॉस्टेलमध्ये सहा जणांत एक स्वयंपाकघर. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा, कपाटात एक फळी. एका रविवारी हिने आपल्या पद्धतीची फोडणी केली, कडकडीत तेलात मिरची-लसूण. ठसका उठला आणि धुराचा अलार्म वाजायला लागला. तिथला नियम असा की अलार्म वाजला की सगळ्या इमारतीने खाली उतरायचं. पावसात, पायजम्यावर, ओल्या केसांनी सगळी पोरं बाहेर उभी. कुणी हिला एक शब्दही वाकडा बोललं नाही. तरी त्यानंतर कितीतरी दिवस हिने गॅसकडे जायचंच टाळलं. ब्रेड, दूध आणि केळी खाऊन राहिली.

केळीसुद्धा कुठली? दूर कोस्टा रिकाहून आलेली. रावेर-यावलच्या केळीत वाढलेल्या पोरीने ती सोलावीत आणि फोनवर मला म्हणावं, "हो आई, जेवले."

तिने खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. तिने मला सांभाळलं.

ब्रायटनचं नाव आपल्या मराठी माणसांना तसं जुनंच आहे. कायदा शिकायला लंडनला गेलेल्या सावरकरांना 'ने मजसी ने' ही कविता सुचली ती १९०९ साली, याच किनाऱ्यावर. आपण सगळ्यांनी शाळेत ती म्हटली आहे. तशा कणखर माणसालाही तिथल्या लाटांपुढे घर आठवून गलबलून येत असेल, तर वीस-बावीस वर्षांच्या आपल्या पोरांना आलं म्हणून ती कच्ची ठरत नाहीत.

त्याच शहरात आणखी एक जागा आहे, ती मुलांनी एकदा तरी बघावी. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय जवानांना ब्रायटनला आणत. राजाच्या जुन्या महालात, रॉयल पॅव्हिलियनमध्ये, १९१४ च्या डिसेंबरपासून त्यांचं इस्पितळ होतं. जातीधर्माप्रमाणे तिथं नऊ वेगळी स्वयंपाकघरं होती. जे हिंदू आणि शीख जवान वाचले नाहीत, त्यांतल्या ५३ जणांना शहराबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला गेला. तिथं १९२१ साली पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. आजही तिचं नाव 'छत्री'च आहे.

त्या जवानांची घरी जाणारी पत्रं सरकारी माणसं आधी वाचत. त्यामुळे पुष्कळ जण उघड न लिहिता आडून लिहीत. घरच्यांनी ओळींच्या मधलं वाचावं, एवढीच आशा.

आज आपल्या पोरांची पत्रं कुणी उघडत नाही. तरी ती स्वतःच कात्री लावतात. "पप्पांनी घर गहाण ठेवलंय. आईचं बीपी वाढतं. त्यांना कशाला सांगायचं?" आपण इतक्या मायेने वाढवलेली असतात म्हणूनच ती असं करतात.

आणि आपणही इकडून तेच करतो की. आजोबांना दवाखान्यात ठेवलं, "तिला सांगू नका, परीक्षा आहे." पप्पांची शुगर वाढली, "तिला कशाला टेन्शन." मग कुठल्यातरी मावसभावाच्या स्टेटसवरून तिला कळतं. त्या दिवसापासून आपलं "इकडे सगळं छान आहे" तिला खरं वाटेनासं होतं. ती मध्यरात्री आपल्या फोनवरचं 'शेवटचं पाहिलं' बघत बसते.

मला वाटतं, तिने खरं बोलावं असं वाटत असेल तर आधी आपण थोडं खरं बोलावं. घाबरवायचं नाही, पण लपवायचंही नाही. "आजोबांना दोन दिवस ऍडमिट केलं होतं, आज घरी आले, वरण-भात खाल्ला." एवढं सांगितलं की तिलाही कळतं, या घरात वाईट बातमी सांगता येते. सांगितली म्हणून कुणी कोसळत नाही.

प्रश्नही थोडे बदलून बघा. "सगळं ठीक ना?" याऐवजी, "आज खिडकीतून काय दिसतंय?" "वर्गात तुझ्या शेजारी कोण बसतं?" "या आठवड्यात कंटाळा कशाचा आला?" कंटाळ्याबद्दल विचारलं की पोरं मोकळी होतात, कारण त्यात तक्रार करायला परवानगी असते. कधी नुसता फोन चालू ठेवून ती तिकडे भांडी घासते आणि आपण इकडे मेथी निवडतो. काहीच विशेष बोलणं होत नाही. पण त्या फोननंतर तिचा आवाज वेगळा लागतो.

ती रडली तर आपण लगेच म्हणतो, "रडू नको." जीव तुटतो आपला, म्हणून म्हणतो. पण तिला वाटतं, आता आवरायला हवं. त्याऐवजी "रड बाई, मी आहे फोनवर," एवढं पुरतं. त्याच क्षणी तोडगा काढायला गेलं की तिचं बोलणं थांबतं आणि आपलं सुरू होतं.

अभ्यासाबद्दल एक गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक असली तर बरं. आपल्याकडे नव्वदच्या खाली गुण आले की घरात शांतता पसरते. तिकडे एमएस्सीला साधारणपणे पन्नासला पास, साठच्या पुढे चांगली श्रेणी आणि सत्तरच्या पुढे विशेष श्रेणी. बासष्ट म्हणजे तिने चांगलं केलेलं असतं. आपण "बासष्टच?" असं म्हणालो, तर पुढच्या वेळी ती गुणच सांगत नाही.

वर्गाची रीतही वेगळी. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची. हिच्या तोंडून आपसूक "सर" निघतं. पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवून चालत नाही, कुठून घेतलं ते प्रत्येक ठिकाणी लिहावं लागतं. नाहीतर चोरी ठरते. इथं जी मुलगी शिस्तीत ऐकून घेणारी म्हणून सगळ्यांची लाडकी होती, तिला तिथं सांगतात, "तुझं मत काय? बोल." वर्गात बाकीची भराभर बोलत असतात. हिचं वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. खोलीवर आल्यावर तिला वाटतं, मीच ढ आहे. दहावीला बोर्डात चमकलेल्या पोरीला असं वाटणं किती जड जात असेल.

त्यात पैसा. पाउंड शंभराच्या पुढे. एक कॉफी घ्यायची म्हटलं तरी मनात गुणाकार होतो, साडेतीनशे-चारशे रुपये. मैत्रिणी "चल" म्हणतात आणि ही "नको, काम आहे" म्हणते. बचत होते, पण मैत्री होत नाही. महिन्याच्या खर्चात थोडे पैसे 'चार जणांत बसायचे' म्हणून वेगळे धरायला आपणच सांगितलं, तर तिचा अपराधीपणा जरा हलका होतो.

कामाचंही तसंच. विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा एमएस्सी करणाऱ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येतं. त्याहून जास्त केलं तर व्हिसाच धोक्यात येतो. म्हणून "अजून थोडं काम बघ ना" असं चुकूनही तोंडातून जाऊ नये. आणि ते काम बहुतेक वेळा उभ्याचं असतं, उपाहारगृहात नाहीतर दुकानात. रात्री पाय दुखतात. इथं नातेवाईक विचारतात, "नोकरी लागली का तिकडे?" हा प्रश्न आपल्यापाशीच थांबवावा. तिच्यापर्यंत नेऊच नये.

नाताळचे दिवस मला सगळ्यात अवघड वाटले. हॉस्टेल रिकामं होतं. सगळी आपापल्या घरी. आमचे हे रेल्वेत नोकरीला. आमच्या घरात दिवाळी असो नाहीतर पाडवा, गाडी कधी थांबलेली नाही. ब्रिटनमध्ये २५ डिसेंबरला रेल्वे धावत नाही. ते ऐकून हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी पोरगी कुठेच जाऊ शकत नाही."

त्या आठवड्याची सोय नोव्हेंबरातच करायला सांगा. हॉस्टेलमध्ये मागे राहणारी आणखी पोरं असतातच, आपली, नायजेरियाची, चीनची. एकत्र स्वयंपाक ठरवला की दिवस निघतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. तिथल्या गणपती-दिवाळीला एकदा जाऊन आली तर चार ओळखी होतात, आणि मराठी कानावर पडतं.

आपल्याकडच्या केळीवाल्यांना ठाऊक आहे, टिश्यूकल्चरचं रोप शेतात लावलं की पहिले काही दिवस पानं मलूल दिसतात. मूळ धरलं का हे बघायला कुणी ते उपटून पाहत नाही. पाणी वेळच्या वेळी द्यायचं, एवढंच हातात असतं. दिवसातून पाच वेळा फोन करावासा वाटला की मी हे आठवते. आठवड्यात दोन-तीन ठरलेले फोन, आणि रोज झोपण्याआधी तिचा एक मेसेज. इतकं दोघींनी मिळून ठरवलं की तिलाही श्वास मिळतो आणि आपलाही जीव टांगणीला राहत नाही.

मात्र काही खुणांकडे डोळेझाक करू नका. दिवस-दिवस झोपून राहते, जेवणच सुटलंय, आठवडेच्या आठवडे वर्गाला जात नाही, नेहमी कॅमेरा बंद, "माझा काही उपयोग नाही" असं पुन्हा पुन्हा बोलते. ही नुसती घरची आठवण नव्हे. व्हिसाबरोबर आरोग्यसेवेचे पैसे आपण भरलेलेच असतात. पोचल्या-पोचल्या तिने जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवून घ्यावं. विद्यापीठात समुपदेशक असतात. तातडीने सल्ला हवा पण जिवावरचं नसेल तर १११, जिवावरचं असेल तर ९९९. रात्री-अपरात्री नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर समॅरिटन्सचा ११६ १२३ हा नंबर चोवीस तास फुकट चालतो. हे नंबर तिच्या भिंतीवर असावेत, आणि आपल्या डायरीतही.

एक गोष्ट आपल्याला खटकते. इथं कॉलेजात पोरगी गैरहजर राहिली तर सर घरी फोन करतात. तिथं अठरा वर्षांवरच्या मुलांबद्दल विद्यापीठ आई-वडिलांना तिच्या संमतीशिवाय काही सांगत नाही. म्हणून 'अडचणीत कुणाला कळवायचं' या रकान्यात आपलं नाव आहे का, हे तिला विचारून घ्या. आणि तिच्या राजीखुशीने एखाद्या मैत्रिणीचा नंबर घेऊन ठेवा. रोज वापरायला नाही, गरजेपुरता.

सगळ्यात अवघड बोलणं कर्जाचं. आपण तिच्यासमोर हप्त्याचं नाव काढत नाही, आणि तिला मात्र तो आपल्यापेक्षा जास्त आठवतो. तिच्या मनात पक्कं बसलेलं असतं की आता काहीही झालं तरी मागे फिरता येणार नाही. ते ओझं तिच्या डोक्यावरून उतरवणं फक्त आपल्याच हातात आहे. तिला एकदा स्पष्ट, शांतपणे सांगून टाका: "कर्ज काढायचं आम्ही ठरवलं, ते आमचं आहे. तुला झेपलं तर आनंदच आहे. नाही झेपलं तर परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला ठेवलेत. घरी आलीस तर पुढचं आपण मिळून बघू." आणि ते पैसे खरंच बाजूला ठेवा, म्हणजे सांगताना आवाज डगमगणार नाही. आमच्या घरी हे बोलणं झालं त्यानंतर लेकीने परत येण्याचा विषय कधी काढला नाही. पण रडू आलं की ती आता आधी मला फोन करते.

आणि तुमचं काय? तुम्हीही दिवसभर ऑफिस, स्वयंपाक, सासू-सासऱ्यांची औषधं यात पिचलेले असता. रात्री झोप लागत नाही, आणि हे कुणाला सांगायचं तर लोक म्हणतात, "परदेशात पाठवलीत, भाग्य आहे तुमचं." भाग्य आहेच. म्हणून काळजी वाटायची थोडीच थांबते? भुसावळात आता अशी घरं बरीच झाली आहेत. जळगावला, फैजपूरला, सावद्यालाही आहेत. ज्यांची मुलं दूर आहेत त्या आई-वडिलांनी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायला काय हरकत आहे? चहा होईल, मुलांनी सांगितलेल्या आणि न सांगितलेल्या गोष्टी निघतील. कुणाच्या मुलाला घर कसं मिळालं, कुणाची मुलगी डिसेंबरात कशी सावरली, हे एकमेकांकडून कळेल. आपला जीव जरा हलका झाला, तर त्या रात्रीच्या फोनवर लेकीचं ऐकून घ्यायला आपल्याकडे जागा उरेल.